उचलण्याचा तक्ता

चारकोप, कांदिवली (प.)
सोमवार, दुपार

तीर्थरूप कुंदाताईस,

अनंताचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. गुडघे एकदा जमिनीला टेकले की ते वर आणायला हल्ली दोन माणसं लागतात. का लागतात, ते पुढे येईलच.) तुझा खोकला कसा आहे? वैद्यांचा काढा पोटात जातो की तुळशीत? तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर व्यायाम करून घ्यायला जी मुलगी घरी यायची, तिला तू तिसऱ्याच दिवशी पोहे खायला घालून कायमचा निरोप दिलास, तेव्हा मी तुला फोनवर वाट्टेल ते बोललो होतो. ते सगळं आज बिनशर्त मागे घेतो. ताई, तू शहाणी. वेळेत सुटलीस.

असो, नमनाला घडाभर तेल नको. (तेलाचाही विषय पुढे आहे.) मागच्या रविवारी तू विचारलंस की शेजारच्या माधुरीच्या नातवाला, लवूला, डॉक्टरांनी फिजिओथेरपी सांगितली आहे, तर एवढ्याशा पोरांना तिथे नेऊन नेमकं करतात काय, आणि आईबापांनी काय समजून जायचं, ते अनंता तू सांग, तुला चार महिन्यांचा अनुभव आहे. मी 'नंतर बोलू' म्हणून फोन ठेवला, कारण बाजूला सूनबाई उभ्या होत्या. शिवाय तू फोनचा स्पीकर लावतेस. तुझ्याशी बोलायचं म्हणजे देवरुखच्या अर्ध्या आळीशी बोलायचं. म्हणून हे पत्र. हे तू स्वतः चष्मा लावून वाच, माधुरीकडून मोठ्याने वाचून घेऊ नकोस, हात जोडतो. तिला सांगण्यासारखं असेल तेवढं तोंडी सांग.

जानकीचं तुला ठाऊकच आहे, पण माधुरीला सांगायला सोपं जावं म्हणून पहिल्यापासून लिहितो. दीड वर्षाची झाली तरी आमची नात धरूनसुद्धा उभी राहीना. आवाज खणखणीत, अक्कल दोघांना वाटून उरेल इतकी, पण उभी करायला जावं तर पाय शिजलेल्या शेवयांसारखे. मिहिर पवईच्या ऑफिसात, सूनबाई गंधाली अंधेरीच्या, त्यामुळे दिवसभर पोर आम्हा दोघांच्या ताब्यात. मुलांच्या डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं की हाडं चांगली, डोकं चांगलं, स्नायू ढिले आहेत, मेहनत घ्यावी लागेल. झालं! घरात सल्ल्यांची जत्रा भरली. आमची ही, रत्नप्रभा, म्हणाली, मिहिरही उशिराच चालला. (साफ खोटं. तो अकराव्या महिन्यात चालला आणि त्याच दिवशी त्याने माझ्या ड्रॉइंगवर शाईची दौत उपडी केली, म्हणून मला तारीखसुद्धा पाठ आहे.) तू तिळाच्या तेलाचा पाच किलोंचा डबा पाठवलास. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सीताराम परब स्वतः चाकांचा वॉकर घेऊन चार जिने चढून आले, त्यात त्यांची तिन्ही नातवंडं 'विमानासारखी' फिरली म्हणे. आणि गंधालीने या सगळ्यांकडे दुर्लक्ष करून थेट फिजिओथेरपीची वेळ घेतली.

बोरिवलीला एका मिठाईच्या दुकानाच्या डोक्यावर ते सेंटर आहे. (माझी साखर तुला माहीत आहे. आठवड्यातून दोनदा मी जिलबीच्या वासातून दोन मजले चढतो आणि परत उतरतो. याची दखल कोणी घेत नाही.) माझी कल्पना काय होती, तर माझा खांदा धरला होता तेव्हा झालं तसं होईल. पांढरा कोट, एक मशीन, शेक, दहा मिनिटं, नमस्कार. इथे बघतो तर जमिनीवर रबरी गाद्या, माणूस मावेल एवढा मोठा चेंडू, भिंतभर आरसा, साबणाचे फुगे, आणि मध्यभागी मांडी ठोकून बसलेली एक पंचविशीची पोरगी. किम्बर्ली तिचं नाव. पोयसर गावठाणातली, सात पिढ्या इथल्याच, मराठी माझ्यापेक्षा खडखडीत. मला पहिल्याच वाक्यात 'आजोबा' करून टाकलं. मी म्हटलं, असेल मदतनीस, मोठी डॉक्टरीण आत असेल. आत फक्त बाथरूम होतं.

पहिला पाऊण तास तिने पोरीला हात लावला नाही. नुसते प्रश्न. दिवस पूर्ण भरले होते का, झोपते कशी, बसते कशी, घरातली लादी गुळगुळीत आहे का, पायांत मोजे कशाला घालता, जेवायला कुठे बसवता. सगळ्यांची उत्तरं मी दिली. तिसऱ्या प्रश्नाला ती म्हणाली, आईला सांगू द्या. सहाव्याला परत म्हणाली. मग मला विचारलं, दिवसातून किती वेळा उचलता? मी म्हटलं, लागेल तेव्हा. तर म्हणे अंदाज नको, आठवडाभर लिहून आणा. आता ताई, मी बत्तीस वर्षं साकीनाक्याच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे होऊ दिला नाही, आणि मापात खोटं कधी लिहिलं नाही. लिहून आणा म्हटल्यावर मी पट्टी घेऊन तक्ताच आखला. चार रकाने: वेळ, कोणी उचललं, किती वेळ, कारण. फ्रिजवर चिकटवला आणि जोडीला दोऱ्याने पेन्सिल टांगली.

इथेच मी फसलो. एका बुधवारचा निकाल असा की जानकीला सत्तावन्न वेळा उचललं गेलं, पैकी एक्केचाळीस वेळा मी. कारणांच्या रकान्यात रांगेने 'बोट दाखवलं', 'बोट दाखवलं', 'बोट दाखवलं'. पोरीने पंख्याकडे बोट केलं की मी तिला पंख्याखाली नेत होतो, कावळ्याकडे केलं की खिडकीत, बिस्किटाच्या डब्याकडे केलं की डब्यापाशी. किम्बर्लीने तक्ता पाहिला, जानकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आजोबा, हिला पाय कशाला हवेत? हिच्याकडे तुम्ही आहात ना!" गंधाली हसली. मला काही हसू आलं नाही. खरं कारण ढिले स्नायूच, आजोबांनी त्यात थोडी भर घातली, असं ती नंतर समजुतीने म्हणाली, पण तोवर ही गोष्ट सोसायटीभर झाली होती. परबांनी तर जिन्यात मला थांबवून विचारलं की तुमचा जावईशोध की डॉक्टरांचा?

तेव्हापासून मला उचलबंदी आहे. रिक्षा, जिना, शी-शू, ताप आणि जिवावरचा प्रसंग एवढीच सूट. त्यातलंही प्रत्येक उचलणं कारणासकट तक्त्यावर लिहायचं. गंधाली संध्याकाळी घरात शिरली की पर्स खाली ठेवायच्या आधी फ्रिजपुढे उभी राहते आणि पेन्सिलीने बारीक अक्षरात शेरे मारते. 'हे गरजेचं होतं का, बाबा?' 'बिस्कीट खाली ठेवता आलं असतं.' शाळा सुटून एक्कावन्न वर्षं झाली गं मला, आणि पुन्हा वहीवर शेरे!

माधुरीला हेही सांग की वॉकर बाद. त्यात पोर लोंबकळतं, चवड्यांवर ढकलतं, आणि तोल सांभाळायला शिकतच नाही, असं किम्बर्ली म्हणते. मी तो परबांना परत द्यायला गेलो तर ते असे काही रुसले की आमच्या नळाची तक्रार तीन आठवडे पडून राहिली. तुझं तेलही तसंच. चोळायला हरकत नाही, पोरीला बरं वाटेल, पण तेलाने पोर चालत नाही, असा निकाल. (डबा संपत आलाय. रत्नप्रभा माझ्या गुडघ्यांना लावते.) मोजेबूट बंद, घरात अनवाणी.

दुसरं म्हणजे, तिथे गेल्यावर आपण उपचार बघतोय असं वाटतच नाही. तो अवाढव्य चेंडू, त्यावर पोर बसवलंय, आणि ही बाई फुगे सोडतेय. मी मनात म्हटलं, हे तर मी घरी फुकट करत होतो! मग कळलं की फुगा मुद्दाम डाव्या बाजूला सोडते, म्हणजे पोर डावीकडे वळतं, आणि कमरेतला कुठलासा स्नायू कामाला लागतो. खेळणंसुद्धा हाताला लागेल त्याच्या चार बोटं पुढे ठेवायचं. चारच बोटं! जानकी हात लांब करते, पोहोचत नाही, मग अशी काही किंचाळते की खाली जिलबीवाल्याचा झारा थांबावा. मला ते बघवेना. मी हळूच पायाच्या अंगठ्याने ते रबरी बदक अलीकडे सरकवलं. भिंतभर आरसा आहे हे माझ्या लक्षातच राहिलं नाही. किम्बर्लीने मान न वळवता मला बाहेरच्या बाकड्यावर जायला सांगितलं.

त्या बाकड्यावर मी तीन शुक्रवार काढले. तिथे सगळे माझ्यासारखेच, आत मन आणि बाहेर देह. मालाडच्या एक बाई होत्या, त्यांचा मुलगा वर्षभर येतोय. मी त्यांना म्हटलं, रडवतात हो पोरांना. तर म्हणाल्या, काका, रडण्यात फरक असतो. रागाचं रडणं वेगळं, दुखण्याचं वेगळं. दुखलं की ही मुलगी त्याच क्षणी थांबते, मी पाहिलंय. रागाने रडलं तर मात्र थांबत नाही, गाणं म्हणते. त्यानंतर मी बाकड्यावरून कान देऊन ऐकू लागलो, आणि खरंच, आमच्या जानकीचं रडणं शंभर टक्के रागाचं होतं. रागावलेली असली की ती मधूनमधून थांबून कोणी बघतंय का ते बघते. हे खापरपणजीपासून आलंय, तुझ्यातही आहे. चौथ्या शुक्रवारी मला हात मांडीखाली दाबून बसायच्या अटीवर आत घेतलं.

आणि सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते तारखेवरून. मी पहिल्याच दिवशी सरळ विचारलं, किती दिवसांत चालेल? तारीख नाही म्हणे. अगं, आम्ही अडीच टनांचा बॉयलर तारीख सांगून उभा करायचो! पण ही ठाम. तारीख देत नाही, पुढच्या सहा आठवड्यांत काय जमवायचं तेवढं ठरवू. मी कान टवकारले. तर ठरलं काय? बाथरूममधल्या पालथ्या बादलीला धरून जानकीने गुडघ्यांवर उभं राहायचं. बादली! एवढ्यासाठी आठवड्यातून दोनदा चारकोप ते बोरिवली रिक्षा? पी हळद आणि हो गोरी असं कुठे असतं का, असं रत्नप्रभा मलाच सुनावते. पण सांगतो, पाचव्या आठवड्यात ती बादलीला धरून उठली तेव्हा मी जिन्यातून ओरडत खाली गेलो आणि वॉचमनला सांगितलं. त्याला बादलीचं महत्त्व कळलं नाही.

खरा उपचार तिथे नसतोच, तो घरी असतो, हेही आधी कोणी सांगत नाही. ती तिथे आपल्याला शिकवते, आणि आपण सकाळ-दुपार-संध्याकाळ राबायचं. जमिनीवरून उठवायला पोरीला वर काहीतरी ओढ हवी, म्हणून रत्नप्रभेच्या टिकल्या कामाला लागल्या. जानकीला टिकली सोलायचं वेड. आधी सोफ्याच्या कडेला, मग बसायच्या जागेवर, मग पाठीवर, रोज एक वीत वर टिकल्या चिकटवायच्या, म्हणजे ती त्या सोलायला धरून धरून उठते. घराला गोवर आल्यासारखं झालंय. कपाट, फ्रिज, दाराच्या चौकटी, सगळीकडे लाल ठिपके, आणि जागा संपल्यावर माझं टक्कल. कुरिअरवाला आला, मी दार उघडलं, सही केली, तो पाकीट देऊन माझ्याकडे बघत उलटा उलटा जिना उतरला. आरशात पाहिलं तर टकलावर चार टिकल्या आणि कानाच्या पाळीवर एक. त्याच अवतारात मी सकाळी भाजीही आणली होती.

वेळेवरूनही महाभारत. गंधालीला साडेसहाला घरी आल्यावर स्वतः व्यायाम घ्यायचा असतो, आणि रत्नप्रभेचं म्हणणं, तिन्हीसांजेला घरात मूल रडता कामा नये. जानकीने सूर लावला की ही निरांजन टाकून धावते आणि तिला उचलते. (तक्त्यावर माझ्या अक्षरात रत्नप्रभेची नोंद: 'कारण: लक्ष्मी यायची वेळ.' शेरा नाही. सासूच्या रकान्यात सूनबाई शेरा मारत नाहीत, तेवढी अक्कल तिला आहे.) शेवटी दिवा लावायच्या आधी टिकल्या आणि दिवा लावल्यावर गाणी, असा तह झाला.

आता माझ्या गुडघ्यांचं. हे सगळं जमिनीवर करायचं असतं. आधी मी, मग ती. मी सोफ्याला धरतो, एक गुडघा पुढे घेतो, 'आई गं' म्हणतो आणि उठतो. दिवसातून वीस वेळा. बादलीनंतर महिन्याभराने किम्बर्लीसमोर जानकी, चालत नसली तरी, जमिनीवरून उठायला लागली. स्टुलाला धरलं, एक गुडघा पुढे घेतला, अगदी शिकवल्यासारखा, आणि जोरात म्हणाली, "आई गं!" खोलीतल्या बाकीच्या पोरांच्या आया वळून बघायला लागल्या. किम्बर्ली डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि म्हणाली, पद्धत बरोबर आहे, आवाज आजोबांचा आहे. आता ती प्रत्येक वेळी उठताना 'आई गं' म्हणते. तिला वाटतं, त्याशिवाय माणूस उठतच नाही.

पण सगळं असं हसण्यावारी नव्हतं ताई, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या महिन्यात तिला आठ दिवस ताप आला आणि सगळं मुसळ केरात. उठेना, धरेना, सोफ्यापाशी ठेवली की मटकन बसायची आणि माझ्याकडे बोट करायची. मी फार घाबरलो. रत्नप्रभेला दाखवलं नाही. ही पोर शाळेत जाईल तेव्हा बाकीची मुलं मैदानात आणि ही कडेला बसलेली, असं काहीबाही डोळ्यांपुढे यायचं. किम्बर्ली म्हणाली, असं होतं, आजारानंतर दोन पावलं मागे जातात, परत येतात, वाट बघा. वाट बघा! या बाईला तेवढाच एक शब्द येतो. पण आली परत, पंधरा दिवसांत. गेल्या आठवड्यात सोफा धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरकी तिरकी जायला लागली, खेकड्यासारखी.

त्या तापाच्याच दिवसांतली गोष्ट. गंधाली कपड्यांच्या घड्या घालत होती आणि मला म्हणाली, बाबा, ही पालथी पडली ते तुम्ही पाहिलंत, रांगली ते आईंनी पाहिलं, पहिल्यांदा बसली तो व्हिडिओ मी मीटिंगमध्ये टेबलाखाली मोबाईल धरून पाहिला. हिचं पहिलं पाऊल तेवढं माझ्यासमोर पडू दे. एवढंच बोलली आणि मिहिरचे मोजे जोडत बसली. मी म्हटलं, पडेल, पडेल, आणि चहा टाकायला गेलो.

तर माधुरीला एवढंच सांग. यंत्र शोधू नकोस, तारीख विचारू नकोस, साडी नेसून गेलीस तर जमिनीवर बसायची तयारी ठेव. पोराबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं पोराच्या आईला देऊ दे. मन घट्ट कर आणि हात मांडीखाली ठेव. चिडचिड होईल, माझी रोज होते, अजून होते आहे. आणि सगळ्यात मोठा व्यायाम लवूचा नसून तिचाच आहे, हे तिला आधीच कळलेलं बरं.

तिकडच्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, पण लांबूनच दे, उचलून नको.

तुझा धाकटा भाऊ,
अनंता (गुडघ्यांसह)

ता. क. १: बातमी दाबून ठेवणं माझ्याच्याने होत नाही. ताई, जानकी चालली! शनिवारी संध्याकाळी, दिव्याच्या आधी, सोफ्यापासून गंधालीपर्यंत सहा पावलं, कोणाचा हात न धरता. पण रत्नप्रभेचं फर्मान आहे की दृष्ट लागते, पुढच्या आठवड्यात संकष्टीला तिला गणपतीच्या देवळात स्वतःच्या पायांनी दोन पावलं चालवायची आणि मगच नातेवाइकांना कळवायचं. तोवर घरात सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. संकष्टीच्या संध्याकाळी गंधाली तुला फोन करील. तेव्हा तू ही बातमी पहिल्यांदाच ऐकतेयस असं वाटलं पाहिजे. 'काय सांगतेस!' असं म्हण, थोडं रड, चालेल. 'अनंताने कळवलं' हे शब्द तोंडातून गेले तर माझं या घरात काही खरं नाही.

ता. क. २: आता खरं सांगतो. हे पत्र मी लवूसाठी नाही, यासाठी लिहिलं. शनिवारची पावलं पहिली नव्हती. गुरुवारी दुपारी रत्नप्रभा बाजारात गेली होती. मी कपाटाला टेकून जमिनीवर पेपर वाचत होतो, टकलावर सकाळची लाल टिकली तशीच. वर पाहिलं तर जानकी सोफा सोडून मोकळी उभी. नजर टिकलीवर. दोन्ही हात वर करून, ओठ पुढे काढून, डुलत डुलत निघाली. एक. दोन. तीन. चौथं पाऊल पडलं आणि माझे हात माझे राहिले नाहीत गं. चार महिन्यांची तपश्चर्या एका क्षणात गेली. मी तिला उचललं, छातीशी धरलं आणि घरभर नाचलो, याच गुडघ्यांनी. मी ढसाढसा रडलो. तीही रडली, टिकली मिळाली नाही म्हणून. आणि मग घड्याळाकडे लक्ष गेलं, चार वाजून दहा मिनिटं, आणि गंधालीचं ते बोलणं आठवलं. मला कानकोंडं झालं. जानकीला खाली ठेवून किती विनवण्या केल्या, पण ती मटकन बसली ती बसलीच.

मी कोणाला सांगितलं नाही. रत्नप्रभेलाही नाही, शुक्रवारी किम्बर्लीलाही नाही. फक्त तक्ता होता. उचललं होतं, तर लिहायलाच हवं. '४.१०. आजोबा. पाच मिनिटं.' कारणाच्या रकान्यात खोटं लिहायला हात धजेना आणि खरं लिहिणं शक्य नव्हतं. शेवटी लिहिलं, 'राहवलं नाही.' संध्याकाळी गंधालीने वाचलं, शेरा मारला नाही. मी सुटलो. मग शनिवारी मीच तिला म्हटलं, कपाळाला मोठी लाल टिकली लाव आणि इथे बस, या लादीवर. जागा मी आखून दिली. मी स्वतः स्वयंपाकघराच्या दारात चौकट घट्ट धरून उभा राहिलो. जानकीने सोफ्याला धरलं, 'आई गं' म्हणून उठली, हात सोडला आणि निघाली. सहा पावलं. गंधालीने तिला कवटाळून जी हाक मारली ती परबांच्या मजल्यापर्यंत गेली असेल. तिनेही उचललंच, आणि ते कोणी तक्त्यावर लिहिलं नाही. मी 'अरे वा' म्हणालो. क्रिकेटचा स्कोअर कळल्यासारखं वाटलं असणार, मला नाटक येत नाही. तेव्हा ताई, पहिली पावलं शनिवारची. सहा. चारांचं तुझ्यामाझ्यात, आणि हा कागद वाचून चुलीत घाल.

ता. क. ३: पाकीट बंद करायच्या आधी, उद्या किम्बर्लीला द्यायचा म्हणून गेल्या आठवड्याचा तक्ता फ्रिजवरून काढला. (काल मी नव्या आठवड्याचा वरून लावला होता, जुना त्याखालीच होता.) गुरुवारच्या ओळीत, माझ्या 'राहवलं नाही'च्या खाली, पेन्सिलीने, सूनबाईंच्या बारीक अक्षरात एक शेरा आहे. गुरुवारी तो नव्हता, मी नीट बघितलं होतं. म्हणजे शनिवारी, पोर तिच्याकडे चालत आल्यावर तिने लिहिलाय. 'किती पावलं, बाबा?' एवढंच.

आता वरची कुठलीच विनंती राहिली नाही. फोनवर तुला काय बोलायचं ते बोल, पत्र जाळ नाहीतर माधुरीला वाचून दाखव. तक्ता घेऊन मी पुन्हा फ्रिजपाशी गेलो. मग दोऱ्याची पेन्सिल घेऊन तिच्या शेऱ्याखाली 'चार' असं लिहिलं आणि तक्ता होता तिथे परत लावला.